स्तुतीला बंदी

२ तारीख, सोमवार

ग्रंथपालबाईंचं म्हणणं असं, की कार्यशाळेत भाग घेणाऱ्या प्रत्येकाने दैनंदिनी लिहावी, मनात येईल ते लिहावं, कुणी तपासणार नाही. कुणी तपासणार नसेल तर लिहायचं कशाला, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, "तेच तर बघायचंय." बाईंशी वाद घालण्यात अर्थ नसतो. म्हणून लिहितो आहे.

कार्यशाळेचं नाव 'हिप हॉप आणि कवितेतून संस्कृतींचा सलोखा'. नाव एका दमात म्हणून झालं की पाणी प्यावं लागतं. हिप हॉप म्हणजे काय ते मला ठाऊक नाही, पण कविता म्हणजे काय ते ठाऊक असलेला या भागात मी एकटाच. माझा छापखाना आहे. वाढदिवस, लग्न, निवृत्ती, श्रद्धांजली, सगळ्या कार्डांवरच्या चारोळ्या माझ्या. सलोख्याचा निम्मा भार तर आलाच माझ्या खांद्यावर.

भांडण झालं ते असं. ग्रंथालयाच्या वरचं सभागृह एकाच संध्याकाळी दोघांना दिलं गेलं. आमच्या गल्लीतल्या पोस्टमास्तरांचा निवृत्ती समारंभ आणि पलीकडच्या गल्लीतल्या लोकांचा गाण्याचा कार्यक्रम. आमची भाषणं लांबली, त्यांची वाद्यं तापली, आणि एक खुर्ची खिडकीच्या काचेतून बाहेर गेली. कुणी टाकली ते कळलं नाही. दोन्ही गल्ल्या शपथेवर सांगतात की समोरच्यांनी. पलीकडचे लोक काही काल आलेले नाहीत. पणजोबांपासून इथेच आहेत. पण घरात बोलतात ती भाषा वेगळी, देवाला हाक मारतात ती वेगळी, तेवढ्यावर ते 'पलीकडचे'. त्यांच्या लेखी पलीकडचे आम्ही.

माझ्या छापखान्याला लागून चाव्या-कुलपांचं दुकान आहे. गल्ली आमची, मालक पलीकडचा. मी त्याला किल्लेदार म्हणतो आणि तो मला कवीराज. म्हणजे म्हणायचा. भांडणानंतर कुणा शहाण्याने त्याच्या शटरवर रंगाने 'पलीकडे जा' असं लिहिलं. त्याने काही दिवस दुकान उघडलं नाही. उघडलं तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही. मग मीही बघितलं नाही. चूक त्याची आहे. शेजाऱ्याने आधी बोलायला यायचं असतं, आणि शेजारी तो आहे. मला त्याने काडीचाही फरक पडत नाही.

५ तारीख, गुरुवार

कार्यशाळेचा पहिला दिवस. शिकवणारी कोण, तर किल्लेदाराची मुलगी! रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसा म्हाताऱ्यांचे खांदे पिरगाळते आणि संध्याकाळी रॅप करते. रॅप म्हणजे गाणं गायचं नाही, बोलायचं, पण कर्ज वसूल करायला आल्यासारखं बोलायचं. तिथे तिचं नाव तडतडी. मी तिला रांगत होती तेव्हापासून ओळखतो, तेव्हाही ते नाव चाललं असतं.

ठेका धरायला कुणीतरी हवं होतं. आमच्या गल्लीतले दातांचे डॉक्टर उठले, ओठ मुडपले आणि तोंडाने असा काही ठेका सोडला की मी खुर्चीच्या दांड्या धरल्या. एवढा प्रतिष्ठित माणूस! माझी अक्कलदाढ यांनी काढली आहे. मनातल्या मनात तेव्हाही हेच चाललं असणार.

आमची हीसुद्धा आली आहे कार्यशाळेला. मी विचारलं, "तुझं काय काम तिथे?" ही म्हणाली, "तुम्हाला सांभाळायला."

किल्लेदार आला नव्हता. दाराकडे माझं लक्ष गेलं ते वारा येत होता म्हणून.

८ तारीख, रविवार

आज पहिला सलोखा मेळावा. आजचा दिवस लिहायचा नव्हता, पण बाईंना शब्द दिला आहे.

मी सुचवलं होतं, की दोन्ही गल्ल्यांनी एकमेकांची स्तुती करावी. स्तुतीने कुणाचं वाईट झालेलं नाही. शिवाय स्तुती हा माझा धंदाच आहे. छापखान्यात कामं तुंबलेली, म्हणून नवं काही लिहिण्याऐवजी मी साठ्यातल्या दोन ओळी काढल्या आणि एक शब्द बदलला. मंचावर उभं राहून, हात जोडून, पलीकडच्या मंडळींकडे बघत म्हणालो:

दीप तुमचा तेवत राहो आमुच्या हृदयी सदैव,
तुम्ही आला हेच आमुचे भाग्य आणि हेच दैव.

आमच्या बाजूने टाळ्या. त्यांच्या बाजूने शुकशुकाट. मला वाटलं गहिवरले. तेवढ्यात तडतडी उठली. "काका, हे आमच्या आजोबांच्या श्रद्धांजलीच्या कार्डावरचं आहे ना? तिथे 'तुम्ही होता' असं होतं."

डॉक्टरांनी, कुणी सांगितलेलं नसताना, ठेका धरला. आणि ती पोरगी जागच्या जागी सुटली:

काका, कविता छान होती, डोळे भरून आले,
हीच ऐकत आजोबा आमचे चार खांद्यांवर गेले!
आम्ही अजून जिवंत आहोत, नाडी बघा, हात धरा,
मेल्यावर छापाल तेव्हा छापा, आधी विचारपूस करा!

सभागृह फुटलं. सगळ्यात मोठ्याने आमची ही हसत होती, तीही किल्लेदाराच्या बायकोच्या खांद्याला धरून. भांडणानंतर दोन्ही गल्ल्या एकत्र हसल्या त्या पहिल्यांदाच, असं बाई मला नंतर म्हणाल्या, जणू मी त्यासाठीच घेतलं होतं हे तोंडावर.

त्या दोन ओळी मी किल्लेदाराच्या वडिलांसाठी मनापासून लिहिल्या होत्या. पुढे त्या साठ्यात गेल्या आणि लोकांना आवडू लागल्या. धंद्यात असं होतं.

९ तारीख, सोमवार

तडतडीने फर्मान काढलं आहे. आजपासून स्तुतीला बंदी. स्तुती कुणाचीही, न बघता करता येते म्हणे. टोला मलाच होता.

आता महिनाअखेरीला लढत. एका गल्लीतला एक, दुसऱ्या गल्लीतला एक, समोरासमोर उभं राहून यमक जुळवत एकमेकांची खेचायची. नियम असा की देव, भाषा, आईबाप यांना हात लावायचा नाही. आणि ऐकीव माल चालणार नाही. गेल्या दोन आठवड्यांत समोरच्याचं जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असेल, तेवढ्यावरच बोलायचं. शिळं नको, ताजं हवं. म्हणजे ज्याची खेचायची त्याच्याकडे आधी जाऊन यायला लागणार.

"यातून सलोखा कसा होणार?" मी विचारलं.

"काका, ज्याची चांगली खेचता येते, त्याच्यावर दगड मारायला हात उचलत नाही."

हे वाक्य मी छापणार नाही. मात्रा बसत नाहीत.

जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरल्या. चिठ्ठ्या तिनेच लिहिल्या, तिनेच टाकल्या, तिनेच उचलल्या. माझ्यासमोर कोण यावं? किल्लेदार, जो कार्यशाळेला आलेलासुद्धा नाही! आणि हिच्यासमोर किल्लेदाराची बायको. नशिबाचे खेळ अजब असतात.

१३ तारीख, शुक्रवार

गल्लीत नुसती धावपळ. लोक माल गोळा करायला निघाले आहेत. जे पोस्टमास्तर 'त्या गल्लीत पाय ठेवणार नाही' म्हणत होते, ते काल तिकडच्या शिंप्याकडे दुपारभर बसून आले. कारण विचारलं तर म्हणाले, "तो माप घेताना जीभ बाहेर काढतो. एकदा बघून खात्री पटत नाही, उद्या परत जायला हवं." जाताना स्वतःची पँट आखूड करायला घेऊन गेले. त्यांच्याकडचा शिंपी आज पोस्टमास्तरांच्या दारात. त्यांची झाडं बघायला आलो म्हणाला. दोघे मिळून एका कुंडीवर अर्धा तास भांडले, खत कुठलं घालायचं यावरून. खुर्ची कुणी टाकली, हा विषय निघाला नाही.

ही तर रोज संध्याकाळी किल्लेदाराच्या घरी. मी म्हणालो, "एवढा कसला माल मिळतोय तुला?" तर म्हणे, "पुष्कळ आहे, संपता संपत नाही." परत येताना काहीबाही खाऊनही येते.

मला मात्र किल्लेदाराबद्दल लिहायला काहीच नाही. लिहायचंच म्हटलं तर कानस मारताना गुणगुणतो, चष्मा डोक्यावर ठेवून सगळ्या दुकानात शोधतो, नवी चावी ओठांशी धरून फुंकर मारतो आणि मगच गिऱ्हाइकाला देतो, उधारी मागताना स्वतःच लाजतो, माझी कविता ऐकताना उजवा डोळा बारीक करतो. एवढंच. आणखी अडीच पानं झाली, पण त्यात विशेष काही नाही.

१६ तारीख, सोमवार

अडीच पानं तडतडीला दाखवली. तिने वाचली, परत वाचली आणि डोळे पुसत म्हणाली, "काका, हे प्रेमपत्र आहे."

मी म्हणालो, "वाह्यातपणा पुरे. यात त्याला किती टोचलंय बघ."

"आणि सगळं शिळं आहे. दोन महिन्यांपूर्वीचं. बाबा हल्ली काय करतात ते तुम्हाला माहीत आहे का? जाऊन बघा ना. एकदाच. दुकानात जा."

"तो का येत नाही माझ्याकडे? त्यालाही माल लागेलच की."

पोरगी आढ्याकडे बघत राहिली. बापावर गेली आहे.

२१ तारीख, शनिवार

गेलो होतो. दुकानात नाही, पण समोरून गेलो. चालत गेलो, चालत परत आलो, मग काहीतरी विसरल्यासारखं करून पुन्हा गेलो. ताजा माल मिळाला, आणि भरपूर!

किल्लेदाराने दुकान साफ करायला काढलं आहे. कुलपांची फळी रिकामी. भिंतीवरच्या चाव्यांचे हुक मोकळे. जमिनीवर खोकी, त्यांना सुतळी बांधलेली, प्रत्येकावर खडूने खुणा. स्वतः शिडीवर चढून पाटी पुसत होता. मला एकदम उमगलं. हा रंग लावून घेणार, नवी पाटी लावणार, दुकान चकचकीत करणार! इकडे मी याच्याबद्दल चांगलंचुंगलं लिहितोय आणि हा थाटमाट करतोय. मला न विचारता. त्याच्या आधीच्या पाटीचा रंग मी निवडून दिला होता.

घरी येऊन हिला सांगितलं. ही भाजी चिरायची थांबली. म्हणाली, "रंग लावायला कुणी खोक्यांना सुतळ्या बांधत नाही हो."

"धूळ बसू नये म्हणून बांधल्या असतील."

"अहो, जाऊन विचाराल का त्याला?"

"लढतीच्या आधी प्रतिस्पर्ध्याला विचारत नसतात. नियम आहेत काही."

ही म्हणाली, "मला न बोलायची शपथ घातलीय त्याच्या बायकोने, नाहीतर..." आणि उरलेली भाजी इतकी बारीक चिरली की ओळखू येईना. या बायकांची काय काय गुपितं असतात कोण जाणे. लढतीतले डावपेच असणार.

२५ तारीख, बुधवार

कविता झाली! आयुष्यात पहिल्यांदा अशी कविता लिहिली की जिच्यात नाव बदलून ती दुसऱ्या कुणाला चालणार नाही. धंद्याच्या दृष्टीने संपूर्ण निरुपयोगी. आरशासमोर म्हणून बघितली. हाताचे हावभाव डॉक्टरांकडून शिकलो. ते म्हणाले, "हात असे फेका, जणू मनगटाला झुरळ चिकटलंय."

दुपारी किल्लेदाराच्या दुकानातून खिळे उपटल्याचा आवाज येत होता. मला हसू आलं. उपट म्हणावं. रविवारी बघतो तुला.

२९ तारीख, रविवार

सगळं जसं झालं तसं लिहितो.

सभागृह भरलं होतं. फुटलेल्या खिडकीला अजून पुठ्ठाच आहे. गल्ल्या वेगवेगळ्या बसतील म्हणून बाईंनी मध्ये वाट ठेवली होती, पण पोस्टमास्तर शिंप्याशेजारी जाऊन बसले आणि त्यांच्यामागून सगळा घोळ झाला. ही आणि किल्लेदाराची बायको लढल्या तेव्हा दोघींनी एकमेकींच्या नवऱ्यांचीच खेचली. नियमात बसत नव्हतं, पण तक्रार करायला आम्हा नवऱ्यांखेरीज कुणी नव्हतं.

मग आमची पाळी. किल्लेदार आला होता. मुलीने हाताला धरून आणला होता. बारीक झालाय. माझ्याकडे न बघता त्याने माइक घेतला, आणि एवढे दिवस कार्यशाळेला न आलेला माणूस तयारी करून आला होता!

वाढदिवसाला हाच मजकूर, लग्नाला हा, मयतालाही,
नाव तेवढं बदलून देतो, कवी कसला, हा शाईवाला भाई!
दुकानासमोरून चार वेळा गेला, मान वाकडी, तिरपी नजर,
कवीराज, दार उघडंच होतं, आत यायला लागतो का गजर?

लोकांनी डोक्यावर घेतला. चार वेळा नाही, तीनच वेळा गेलो होतो. पण त्याने मला बघितलं होतं तर. मी घसा साफ केला, डॉक्टरांनी ठेका चढवला, आणि मी झुरळ झटकत सुरू झालो:

गावाची कुलपं उघडतो हा, स्वतःचा चष्मा शोधत बसतो,
चष्मा असतो डोक्यावरती, आरसा बघून गालात हसतो!
खोकी भरतोय, भिंती पुसतोय, दुकानाला आलीय नवी लहर,
रंग लाव, पाटी बदल, घाल खुशाल गल्लीत कहर!
कितीही कर थाटमाट, आमच्या नजरेतून सुटणार नाहीस,
शेजारी तू माझाच राहणार, इथून कधी हटणार नाहीस!

पहिल्या दोन ओळींना हशा. पुढच्यांना त्यांच्या बाजूचा हशा विरला. शेवटच्या ओळीला तर कुणी श्वासही घेतला नाही. मला वाटलं उच्चार चुकला. हिच्याकडे बघितलं, तर हिने पदर तोंडाला लावलेला.

किल्लेदार म्हणाला, "मी जातोय रे. भावाकडे. दुकान दिलं. म्हणून खोकी."

माझ्या हातातला माइक तसाच तोंडाजवळ होता, त्यामुळे मी जे बोललो ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"जातोस? न विचारता जातोस?"

"विचारायला तू आलास?"

"तू का नाही आलास?"

"माझ्या शटरवर लिहिलं होतं! मी यायचं?"

डॉक्टर डोळे मिटून ठेका धरतात, त्यांना काही कळलंच नाही. ते वाजवतच राहिले. मागच्या रांगांना वाटलं हीच लढत आहे, त्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. आणि आम्ही दोघं त्या ठेक्यात खरंखुरं भांडत होतो.

"मी काय लिहिलं होतं ते?"

"तू नाही लिहिलंस. पण लिहिलं तेव्हा तू कुठे होतास?"

"पुसत होतो, गाढवा!"

हे मी इथे कधी लिहिलं नव्हतं. लिहिण्यासारखं काय आहे त्यात? सकाळी छापखाना उघडायला आलो, शटर बघितलं, शाई काढायचं रॉकेल होतं, चिंध्या होत्या, पुसलं. 'जा' निघता निघत नव्हतं. 'पलीकडे' सहज निघालं, पण त्या 'जा'साठी नखं गेली माझी. हे सगळं मी माइकवर बोललो. यमक नव्हतं, काही नव्हतं. म्हणालो, "मी जा पुसलं आणि तू तरी निघालास. मग मी पुसलं कशाला? मला करमत नाही रे. भिंतीपलीकडे कुणी नसलं तर मी कविता कुणाला ऐकवू, आणि नावं कोण ठेवणार?"

मग मात्र डॉक्टरांनी डोळे उघडले आणि ठेका थांबला. किल्लेदार माझ्याकडे बघत होता. बघता बघता त्याचा उजवा डोळा बारीक झाला.

"शेवटच्या ओळींना यमक नव्हतं," तो म्हणाला.

"नव्हतं."

"म्हणजे तू हरलास."

"हरलो. जा."

तडतडी दोघांच्या मध्ये आली. रडत होती आणि नियम सांगत होती. यमक तुटलं म्हणून काका बाद, पण बाबांनी प्रश्नाला उत्तर दिलं नाही, म्हणून तेही बाद. निकाल नाही. लढत पुढच्या महिन्यात परत. असा नियम आधी नव्हता, मी शपथेवर सांगतो. पण दोन्ही गल्ल्यांनी असा कल्ला केला की बाईंनी तिथल्या तिथे सभागृहाची तारीख देऊन टाकली. एकच तारीख, दोघांना मिळून.

किल्लेदार म्हणाला, "पुढच्या महिन्यात मी इथे नाही."

शिंपी मागून ओरडला, "म्हणजे पळाला!"

किल्लेदार तापला. "पळतोय कोण? याच्या असल्या भंगार ओळींना घाबरून?"

"मग उत्तर दे," मी म्हणालो.

"देईन! तयारीला वेळ लागतो. तेवढा महिना थांबतो. तेवढाच हं, कवीराज. दुकान घेणाऱ्याला कळवतो. उत्तर दिलं की निघालो."

३० तारीख, सोमवार

सकाळी त्याने एक खोकं सोडलं. बाकीची तशीच बांधून ठेवली आहेत. मी आत गेलो, दार उघडंच होतं. त्याने स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाला, "बोलू नकोस. तुझं काय काय बिघडलंय ते बघतोय मी." मी बसून राहिलो. तो कानस मारत मला न्याहाळत होता, मी त्याला.

घरी आल्यावर हिला माझा बेत सांगितला. दर महिन्याला मी त्याच्यावर असं काही लिहिणार की उत्तर दिल्यावाचून त्याला राहवणार नाही, आणि त्याचं उत्तर झालं की लगेच त्याला झोंबेल असं दुसरं. त्याला जिंकू द्यायचं नाही, हरूही द्यायचं नाही.

ही म्हणाली, "किती दिवस चालणार हे?"

म्हटलं, मला चारोळ्या लिहायची सवय आहे. जन्मभर पुरेल.